ऐच्छिक

शाळेत ऐच्छिक होती चित्रकला.
त्यानंतर हा शब्द थेट भेटला
सत्तेचाळिसाव्या वर्षी, हेरंबच्या मोबाइलवर:
कपडे ऐच्छिक. फक्त पुरुषांसाठी. नाश्ता धरून.

मी शिंपी. नाना पेठेत दुकान,
एकतीस वर्षं पुरुषांची मापं घेतोय.
टेप लागली की छाती फुगते, पोट आत जातं.
मी दोन बोटं सैल धरतो,
खोटं माप दिवाळीपर्यंत उसवतंच.
आणि आता सुट्टीसाठी शोधतोय अशी जागा
जिथे माझ्या धंद्याला काडीची किंमत नाही.

पहिली जागा मुळशीकडची.
फोटोत सगळी पंचविशीतली पोरं,
पोटं कशी, फरसबंदी केल्यासारखी.
हेरंब म्हणाला, इथे आपल्याला
कुणीतरी चहा आणायला सांगेल.

दुसरी थायलंडची. विमान, पासपोर्ट,
आणि बहिणीला काय सांगायचं, हा वेगळाच खर्च.

तिसरी गुहागरच्या खाली.
मालक पूर्वी बोटीवर होता, फोनवर आवाज खरखरीत.
भिंत किती उंच? साडेसात फूट, वर बोगनवेल.
फोटो कुणी काढत नाही ना?
मोबाइल दारातच, टोपलीत.
आणि समजा, म्हणजे, घालावंसंच वाटलं तर?
तो हसला नाही.
घाला की. ऐच्छिक म्हणजे ऐच्छिक.
मागच्या हिवाळ्यात एक गृहस्थ
चार दिवस स्वेटर घालून बसले होते.
पाचव्या दिवशी मोजे काढले.
आम्ही कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

मी फोन ठेवला. हेरंब खिडकीशी उभा,
उगाच कढीपत्त्याची पानं मोजत.

त्याच्या मानेखाली कोड आहे.
आधी रुपयाएवढं होतं, आता पाठभर उतरलंय.
त्याचे शर्ट मीच शिवतो,
कॉलर अर्धा इंच चढवून.
त्यानं कधी सांगितलं नाही, मी कधी विचारलं नाही.
एकवीस वर्षं तो अर्धा इंच
आमच्या घरात तिसऱ्या माणसासारखा राहतो.

रविवारी दुपारी तालीम केली.
धनकवडीचा वन-बीएचके, पडदे ओढलेले,
स्वयंपाकघरापासून हॉलपर्यंत सोळा पावलं.
फरशी गार लागते हे मला माहीतच नव्हतं,
म्हणजे पायांना माहीत होतं, बाकीच्या अंगाला नव्हतं.
हेरंब पोह्यांवर लिंबू पिळत होता
आणि बेल वाजली.
सोसायटीचे ढमढेरे, टँकरची वर्गणी.
लुंगी एकच, हात चार.
शेवटी मी दार फटीएवढं उघडलं, पाचशे सरकवले.
ढमढेरे म्हणाले, ताप आहे का? घाम आलाय.

रात्री फॉर्म भरायला बसलो.
नाव, वय, तिखट चालतं का.
खोली एक की दोन.
मग एक रकाना: एकमेकांशी नातं.

घरमालकाला आम्ही मावसभाऊ.
दवाखान्यात शेजारी. बहिणीच्या वास्तुशांतीला
'हे आमचे हेरंबराव', आणि पुढे काहीच नाही,
नुसती ताटं वाढणं.

त्यानं मोबाइल माझ्याकडे सरकवला.
तू भर, तुझं अक्षर बरंय.
मोबाइलवर कसलं आलंय अक्षर!
तरी मी चष्मा शोधायला उठलो.
आतल्या खोलीत शोधला, मशीनवर शोधला,
कात्रीखाली, खडूच्या डब्यात.
चष्मा डोक्यावरच होता.

परत आलो तर फॉर्म गेलेला.
काय लिहिलंस, विचारलं.
त्यानं दाखवलं नाही. पोह्यांची राहिलेली ताटली
धुवायला उचलली आणि मोरीतूनच म्हणाला,

त्या निळ्या कापडाचा शर्ट बेतला नसशील
तर कॉलर
साधीच ठेव.